उतरवून घ्या म्हणे!

मंडळी, दोन महिने इथे काही लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं (आता उत्तम दिसतंय, चौकशी करणाऱ्यांचे आभार). खरं तर आजही लिहिणार नव्हतो. पण मागच्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता आणि प्रसाद खाता खाता माझा एक पुतण्या जे बोलला ते काही केल्या डोक्यातून जाईना. तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं तर पूजेच्या दिवशी वादावादी झाली असती, आणि मग घरच्यांकडून मीच बोलणी खाल्ली असती. म्हणून इथे देतोय. नाव घेत नाही. तो हे पान वाचतो, त्याला कळेल.

झालं असं, की जेवणं झाल्यावर मी आणि माझा नातू नेहमीप्रमाणे टीव्हीसमोर बसलो होतो. टीव्हीवर मोटारींच्या शर्यतीचा गेम, नातवाच्या हातात कंट्रोलर आणि माझ्या मांडीवर वही. "भावोजी, या वयात मोटार-मोटार?" असं म्हणून आमच्या वहिनींनी सगळ्यांना हसवलं. त्याचं मला काही वाटलं नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लोक आपल्या गुडघ्यांची आणि शुगरची चर्चा करतात, त्यापेक्षा मोटारीची केलेली बरी. पण पुतण्या वहीत डोकावला आणि म्हणाला, "काका, एवढं डोकं कशाला खपवताय? नेटवर प्रत्येक गाडीचे तयार आकडे मिळतात. उतरवून घ्या की! पाच मिनिटांचं काम."

उतरवून घ्या! चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे वाक्य किती ठिकाणी टोचतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. तरी प्रयत्न करतो.

ज्यांना या गेमची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गेमचं नाव 'ग्रॅन टुरिस्मो'. मूळचा जपानी. पहिला भाग 1997 च्या डिसेंबरात तिकडे आला, आम्ही खेळतो तो सातवा भाग 2022 च्या मार्चमधला. यात गाडी नुसती पळवायची नसते, ती आधी लावायची असते. तंबोरा लावतात ना, तशी. स्प्रिंगा किती कडक, गाडी जमिनीपासून किती उंच, चाकं किती कललेली, गिअर किती लांब, अशा वीसेक गोष्टींचे आकडे आपण बदलू शकतो. एक आकडा हलवला की गाडीचं वागणं बदलतं. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. तरी या गेममुळे म्हातारपणी मला थोडंफार भौतिकशास्त्र कळायला लागलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

तर नातवाने गेममधले पैसे बरेच दिवस साठवून फेरारी एफ-40 घेतली. ही गाडी फेरारीने 1987 साली कंपनीच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त काढली. संस्थापक एन्झो फेरारी पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1988 मध्ये, वारले. त्यांच्या हयातीत आलेली ही शेवटची मोठी गाडी. इंजिन तीन लिटरलाही किंचित कमी, पण त्याला दोन टर्बो आणि ताकद सुमारे 478 अश्वशक्ती. आपल्याकडच्या साध्या छोट्या मोटारीला ऐंशी-नव्वद असते, म्हणजे अंदाज येईल. आणि एवढी ताकद ओढायला वजन किती, तर कोरडी गाडी जेमतेम अकराशे किलो. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, आतून दार उघडायला साधा मूठसुद्धा नाही, एक दोरी ओढायची. चालवणाऱ्याला सांभाळून घेणारं काही म्हणजे काही नाही.

अवघड आहे ती टर्बोमुळे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. इंजिनाचे फेरे कमी असले की धूर कमी, धूर कमी की पंखा मंद. त्यामुळे आपण कळ दाबतो तेव्हा आधी काहीच होत नाही. म्हणून आपण आणखी दाबतो. तेवढ्यात पंखा वेग घेतो आणि सगळी ताकद एकदम मागच्या दोन चाकांवर येऊन आदळते. हे घडतं ते नेमकं वळणातून बाहेर पडताना. मागची चाकं घसरतात, गाडी गर्रकन फिरते, आणि ज्या दिशेने आलो तिकडे तोंड करून आपण उभे!

आमच्या नातवाने गाडी घेतली त्या दिवशी पुतण्याचाच सल्ला, पुतण्याला न विचारता, अमलात आणला होता. नेटवरून वीसच्या वीस आकडे उतरवले. खाली लिहिलेलं होतं की या सेटिंगने ही गाडी "लोण्यासारखी" चालते. मग जपानमधल्या त्सुकुबा ट्रॅकवर गेला. हा अवघा दोन किलोमीटरचा, सरावाला छान. दहा फेऱ्यांत सात वेळा गाडी फिरली. बहुतेक वेळा एकाच जागी, दुसऱ्या हेअरपिनमधून बाहेर पडून मागच्या सरळ रस्त्याला लागताना. शेवटी कंट्रोलर गादीवर आपटून म्हणाला, "आजोबा, गाडीच बेकार आहे."

त्यानंतर त्याने ट्रॅक्शन कंट्रोल पाचवर नेऊन ठेवला. म्हणजे चाकं घसरायला लागली की यंत्रच ताकद कापतं. खऱ्या एफ-40 ला असलं काही नव्हतंच, पण गेममध्ये शून्यापासून पाचापर्यंत सोय आहे. गाडी फिरायची थांबली. कळ पूर्ण दाबून ठेवली तरी वळणातून निमूटपणे यायची. वेळही बैलगाडीची. दोन दिवसांत त्याला कंटाळा आला आणि गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली. एवढे दिवस पैसे साठवून घेतलेली!

आता पुतण्याला माझा प्रश्न. ते आकडे चुकीचे होते का? नव्हते. ते ज्याने काढले त्याच्यासाठी बरोबर असणार. पण तो कोण होता? कदाचित त्याच्याकडे खरं स्टिअरिंग आणि पायाची पेडल्स असतील. आमच्या पोराकडे बोटाने दाबायची कळ. त्याने शर्यतीचे चिकट टायर लावले असतील, आमच्याकडे साधे. त्याने लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकसाठी गिअर लावले असतील. आम्ही दोन किलोमीटरच्या गल्लीत. शिवाय 2024 च्या जुलैमध्ये गेमला एक अपडेट आलं आणि त्यात सस्पेन्शन आणि टायरचं गणितच बदललं. ते आकडे त्याच्या आधीचे होते की नंतरचे, हे पाहायचं आमच्या पोराला सुचलंही नाही. गाणाऱ्याची पट्टी काळी चार आणि तंबोरा लावलेला पांढरी पाचला, अशी गत. तंबोरा सुरातच आहे हो. पण गाणारा दुसरा आहे, त्याचं काय?

मग मी एक जुनी दोनशे पानी वही काढली. चार रकाने आखले: काय बदललं, का बदललं, काय होईल असं वाटलं, काय झालं. नियम एकच. एका वेळी एकच आकडा हलवायचा आणि पाच फेऱ्या मारायच्या. पहिल्या दिवशी नातू वैतागला. "आजोबा, ही शाळा आहे का?" मी म्हटलं, शाळेत असं कधी शिकवलं नाही, म्हणून तर इथे करतोय. (या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.)

सुरुवात डिफरन्शियलपासून. शाळेच्या कवायतीत रांग वळताना पाहिली असेल. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्या टोकाचा धावतो. गाडीच्या चाकांचंही तेच, वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. डिफरन्शियल दोघांना वेगवेगळं फिरू देतो. पण पूर्ण मोकळं सोडलं तर वळणात हलकं झालेलं आतलं चाक नुसतं गरगरतं आणि ताकद वाया जाते. म्हणून शर्यतीच्या गाडीत दोघांना थोडं बांधून ठेवतात. किती बांधायचं, त्याचा आकडा. उतरवलेल्या सेटिंगमध्ये, कळ दाबल्यावरचा हा आकडा 45 होता. फार घट्ट. त्यामुळे सुटली की दोन्ही चाकं एकदमच सुटायची. आम्ही 20 वर आणलं. गाडी फिरायची कमी झाली, पण आतलं चाक धूर काढायला लागलं. मग 25, मग 28. अठ्ठावीसला नातू स्वतःच म्हणाला, "इथे बरं वाटतंय." त्याचं ते वाक्य मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं आहे.

मग मागचा अँटीरोल बार दोन पायऱ्या सैल केला. मागची चाकं रस्त्याला जास्त धरून राहायला लागली, पण गाडीचं नाक वळेना. एक पायरी परत घट्ट. इथे त्याला कळलं की फुकट काही मिळत नाही, मागे दिलं की पुढचं जातं. मग हेअरपिनला दुसऱ्याऐवजी तिसरा गिअर. बाहेर पडताना गाडी थोडी आळसावते, पण ताकद आदळत नाही, हळूहळू चढते. यात तर सेटिंगचा आकडाही नाही, नुसता निर्णय आहे.

हे सगळं करूनही शेवटच्या लांब उजव्या वळणात गाडी अधूनमधून फिरायचीच. आम्ही दोन संध्याकाळी आकड्यांशी झटापट केली. मग मला एक दिसलं. कळ किती दाबली आहे हे पडद्यावर एका पट्टीने दिसतं. प्रत्येक वेळी गाडी फिरण्याच्या क्षणभर आधी ती पट्टी एकदम शून्यावर येत होती. म्हणजे गाडी जरा हलली की पोरगं घाबरून बोट पूर्ण उचलत होतं! आणि बोट उचललं की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि जी गाडी नुसती डळमळत होती ती आता खरोखर फिरते. भीतीने जे टाळायला गेलो तेच ओढवून घेतलं. उपाय म्हणजे बोट उचलायचं नाही, थोडंसं सैल करायचं. हा उपाय जगातल्या कुठल्या तयार आकड्यात लिहिलेला आहे, ते पुतण्याने मला दाखवावं.

आता मघाच्या वाक्याकडे येतो. इथे मला जरा कमीपणा घ्यावा लागणार आहे.

मी मराठी शिकवायचो. नववी-दहावीला निबंध. दर वर्षी मी 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझा आवडता ऋतू', 'मी शाळेचा घंटा बोलतोय' असे दहा निबंध फळ्यावर लिहून द्यायचो आणि मुलं ते उतरवून घ्यायची. हो, उतरवून घ्यायची! चाळीस वह्यांत चाळीस वेळा आकाशात काळेकुट्ट ढग दाटून यायचे आणि मातीचा सुगंध दरवळायचा. निकाल चांगला लागायचा. पालक खूश, मुख्याध्यापक खूश, मीही खूश. एके वर्षी एका मुलाने 'पावसाळ्यातील एक दिवस' स्वतःचा लिहिला. रात्री छप्पर गळलं, गोवऱ्या भिजल्या, चूल पेटेना, म्हणून सकाळी कुणी चहा प्यायला नाही, आणि आई गोवऱ्या उलट्या करून वाळवत बसली. बास, एवढंच. दीड पान. मी त्याला दहापैकी चार गुण दिले. शेरा काय लिहिला होता तेही आठवतं: "मुद्दे अपुरे. निसर्गवर्णन नाही." पुढच्या निबंधाला त्याने काळेकुट्ट ढग आणले. मी सात दिले.

त्या वर्गातला एकमेव निबंध तो होता. बाकी एकोणचाळीस माझेच होते, वेगवेगळ्या अक्षरांत. हे मला निवृत्तीनंतर कधीतरी उमगलं आणि तेव्हापासून पाऊस आला की तो पोरगा आठवतो. म्हणून पुतण्या "उतरवून घ्या" म्हणाला तेव्हा मला राग त्याचा आला की माझा, हे मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा दोघांचा. कारण तोही एकेकाळी माझ्याच वर्गात होता आणि उतरवून घ्यायला त्याला मीच शिकवलं!

पण म्हणून त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही. त्याचे मुद्दे एकेक घेतो.

पहिला मुद्दा, वेळ. पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला तीन आठवडे कशाला? अरे, पण झालं कुठे पाच मिनिटांत? पाच मिनिटांत आकडे उतरले. गाडी चालली नाही. तीन आठवड्यांत चालली.

दुसरा मुद्दा, जाणकारांचं घेऊ नये का? जरूर घ्यावं. मी काही आडमुठा नाही. नवख्याने सुरुवातीला कुणाचे तरी आकडे घेतले, ट्रॅक्शन कंट्रोलही लावला, तर बिघडलं नाही. आम्ही स्वतः पाचावरून चार, तीन असं उतरत आता एकवर आलो आहोत. पण जाणकार माणूस आकड्याबरोबर कारण सांगतो. गुरू तंबोरा लावून देतो तेव्हा शिष्याला कान देऊन ऐकायला लावतो. ज्याच्यामागे कारण नाही तो आकडा लॉटरीच्या तिकिटावरचा. तो घेऊन बसायचं आणि लागला नाही की गाडीला शिव्या द्यायच्या.

तिसरा मुद्दा, आणि हा सगळ्यांनीच हसत हसत मांडला, की "शेवटी गेमच तर आहे!" अहो, म्हणूनच! इथे गाडी शंभरदा फिरली तरी कुणाचं नखही दुखावत नाही. बटण दाबलं की पुन्हा रस्त्यावर. गेममधल्या लायसन्सच्या परीक्षा बघा. आधी नमुना फेरी दाखवतात, सोन्याच्या पदकाची वेळही सांगतात. सगळं उघड. तरी परीक्षा तुमच्याच बोटांना द्यावी लागते, ती उतरवून घेता येत नाही. चुका करून बघायला इतकी स्वस्त जागा माझ्या विद्यार्थ्यांना मी कधी दिली नाही. त्यांची चूक झाली की लाल शाई आणि वजा गुण. आता पोराला अशी जागा मिळाली आहे, तर तिथेही आपण त्याच्या हातात तयार उत्तर ठेवायचं? उद्या त्याला एखादी अवघड गोष्ट सांभाळायची वेळ येईल, जिथे आधी काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. संसार म्हणा, नोकरी म्हणा, घरातलं आजारपण म्हणा. तेव्हा तो कुणाचे आकडे उतरवणार आहे?

माझं एवढंच म्हणणं आहे की त्याला फिरू द्या. वहिनी, तुम्हीही. तो हरत असताना मागून "अरे असं कर, तसं कर" करू नका. मीही आता करत नाही. फार कठीण जातं, पण करत नाही.

परिणाम काय झाला हे विचाराल, तर सांगतो. सुरुवातीला त्सुकुबाची त्याची फेरी, न फिरता पूर्ण झालीच तर, एक मिनिट बारा सेकंदांची होती. आता एक मिनिट आठ सेकंदांच्या आसपास असते आणि दहा फेऱ्यांत एखादी वेळच गाडी फिरते. जगात याहून कितीतरी वेगवान मुलं असतील. पण मागच्या आठवड्यात तो मला न विचारता वही घेऊन बसला होता. बघतो तर त्याने डिफरन्शियलचा आकडा 28 वरून 33 केला होता आणि 'का' या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: "आता मी बोट हळू सोडतो, म्हणून थोडं घट्ट चालेल." मी तेहतीसवर चालवून पाहिली. दोनदा फिरलो. माझी बोटं थरथरतात, मला अठ्ठावीसच बरा. म्हणजे आता एकाच घरात, एकाच गाडीचे, दोन वेगळे आकडे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

त्याच्या त्या ओळीला गुण द्यायचा मोह झाला होता. दिले नाहीत. खाली नुसती तारीख घातली.

असो. फार लांबलं. डोळ्याला ताण नको असं डॉक्टरांनी सांगितलंय.

ता. क. — हे लिहून होईपर्यंत पुतण्याचा फोन आला. त्याच्या मुलानेही एफ-40 घेतली आहे आणि ती सारखी फिरते म्हणे. "काका, तुमचे आकडे पाठवता का?" पाठवणार नाही. रविवारी मुलाला घेऊन ये. येताना एक कोरी वही आण.